आधी केबल काढा, मग मदरबोर्डचं बघू

प्रश्न : मी ६७ वर्षांची, साताऱ्याला राहते. रोज सकाळी तीन मुलांना ऑनलाइन पेटी शिकवते. डोळे थकतात म्हणून मुलाने लॅपटॉपला २४ इंची मॉनिटर जोडून दिलाय. गेल्या मंगळवारी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करू का, असं विचारलं गेलं, मी 'हो' दाबलं. स्क्रीन दोनदा काळी होऊन परत आली आणि तेव्हापासून लॅपटॉपमधून हूं की चूं नाही. आवाज शंभरवर आहे, फुलीबिली काही नाही. नातवाचा ब्लूटूथ हेडफोन जोडला की मात्र ऐकू येतं. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, 'साउंडचा आयसी उडाला, मदरबोर्ड बदलावा लागेल, ९ हजार.' खरंच बदलू का?

उत्तर : काकू, ९ हजार कपाटातच राहू द्या. एखादं गाणं लावा आणि ते वाजत असतानाच मॉनिटरची एचडीएमआय केबल लॅपटॉपमधून काढा. चार-पाच सेकंद थांबा. लॅपटॉप बोलायला लागला, तर त्याला काहीही झालेलं नाही.

पूर्वीच्या निळ्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जायचं, आवाजाला वेगळी वायर लागायची. २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय आलं आणि चित्र-आवाज एकाच केबलमधून जाऊ लागले. तो आवाज ग्राफिक्सच्या चिपमधून जातो, म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हरबरोबर (ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा भाग यांच्यातला दुभाषी सॉफ्टवेअर) आवाजाचाही एक छोटा ड्रायव्हर येतो. तुम्ही 'हो' म्हटलंत ते दोघांनाही. तो नव्याने बसला, केबलच्या टोकाला मॉनिटर दिसला आणि विंडोजने ठरवलं की यापुढे आवाज तिकडे पाठवायचा.

तुम्ही म्हणाल, माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाही! नसेल. पण पाठीमागे हेडफोनचं भोक आहे का बघा. असं भोक असलेला मॉनिटर केबलवरून 'मला आवाज चालतो' असंच कळवतो. म्हणजे तुमचा भूप रोज सकाळी त्या भोकापर्यंत जातोय आणि तिथे ऐकायला कोणी नाही.

फोनवर निदान करणाऱ्याचा मला राग येतो तो याचसाठी. २२ वर्षं दुकान चालवतोय. आवाज गेला म्हणून गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन येतं, मी चालू करतो, तर खणखणीत वाजतो. गिऱ्हाईक ओशाळतं, घरी जातं आणि संध्याकाळी फोन येतो, 'परत गेला हो!' कारण मॉनिटर घरी टेबलावरच असतो. पहिल्यांदा हे कोडं सुटायला मला दोन दिवस लागले होते. आता मी आधी विचारतो, घरी लॅपटॉपला काय काय जोडलेलं असतं?

आता कायमचा इलाज. केबल परत लावा. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा. विंडोज ११ असेल तर आवाजाच्या पट्टीशेजारच्या छोट्या चिन्हावर, विंडोज १० असेल तर वर दिसणाऱ्या नावावर क्लिक केलं की यादी उघडते. त्यात मॉनिटरच्या मॉडेलचं नाव असेल आणि एक 'स्पीकर्स', बहुधा पुढे 'रिअलटेक' लिहिलेलं. ते 'स्पीकर्स' निवडा. बस्स.

पुढच्या अपडेटला पुन्हा हाच खेळ नको असेल, तर साउंड सेटिंग्जमधून 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा, 'प्लेबॅक'मध्ये मॉनिटरच्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. (याच खिडकीत गाणं चालू असताना ज्या नावापुढे हिरव्या रेघा नाचतात, तिकडे आवाज जात असतो. मी निम्मं निदान तिथेच करतो.) नवा मोठा अपडेट कधीकधी हे 'डिसेबल' पुसून टाकतो, तेव्हा पुन्हा करावं लागेल. उद्या टीव्हीवर सिनेमा बघायला हीच केबल लावलीत आणि टीव्ही मुका राहिला, तर याच यादीत या.

केबल काढूनही आवाज नाही आला, तर मामला वेगळा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी) 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'खाली रिअलटेकचं नाव आहे का, त्यावर पिवळा त्रिकोण आहे का, ते पाहा. त्रिकोण असेल किंवा नावच गायब असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. ड्रायव्हर बसवल्यावर शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. नुसतं बंद केलं, तर विंडोज अर्धवट झोपतं आणि जुनंच घेऊन उठतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पेटी म्हटल्यावर राहवत नाही. झूमवर शिकवत असाल, तर त्याची स्पीकरची निवड वेगळी असते. विंडोजमध्ये बदललं तरी झूम कदाचित मॉनिटरलाच धरून बसेल, तेव्हा तिथेही 'स्पीकर्स' निवडा. आणि त्याच ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा. नाहीतर ते लांबवलेल्या सुराला पंख्याची घरघर समजून दाबत राहतं आणि मुलांना तुमचा षड्ज तुटक-तुटक पोचतो.