विणलेला देवमासा आणि काळ्या वेशातील राणी

प्रश्न : फ्रान्सच्या कॅथरीन राणीच्या दरबारातील उत्सव दाखविणाऱ्या एका भव्य विणलेल्या पडद्याचे छायाचित्र पाहण्यात आले. त्यात होड्यांनी वेढलेला देवमासा आहे, आणि आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांची नजर साहजिकच त्याच्यावर खिळली. असे पडदे केवळ महालाच्या शोभेसाठी असत, की त्यामागे राजकारणही असे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आपण पाहिलेला पडदा ‘व्हालोआ टॅपेस्ट्री’ (व्हालोआ हे तेव्हाचे फ्रान्सचे राजघराणे) या आठ पडद्यांच्या संचातील आहे, आणि माझ्या मते त्यात शोभेइतकेच राजकारण आहे. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री मरण पावल्यावर त्याची विधवा कॅथरीन द मेदिची हिने मुलांच्या राजवटीत दीर्घकाळ सत्तेची सूत्रे हलविली. १७०० नंतर ताराबाईंनी मुलाच्या नावाने राज्य राखले, हे आपण जाणतोच. कॅथरीनपुढे आणखी एक अडचण होती, ती म्हणजे ती परकी, इटलीतून आलेली होती. आपली सत्ता लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवण्यासाठी तिने दरबारी उत्सवांचा आधार घेतला.

आपला देवमासा अशाच एका उत्सवातला. १५६५ च्या उन्हाळ्यात, स्पेनची राणी झालेली मुलगी भेटीला आली तेव्हा, बायोन येथे अदूर नदीवर कृत्रिम देवमासा सोडून त्याची लुटुपुटूची शिकार करण्यात आली. भाले लागताच त्याच्या जखमांतून तांबडे मद्य उसळले. पैठणीच्या पदरावरचा मोर जसा भरतकामाने नव्हे, तर रंगीत बाण्याचे धागे त्या त्या जागेपुरतेच फिरवून ताण्यावर उतरतो, तसाच हा देवमासाही विणकरांनी उतरविला आहे. इतक्या सावकाश चालणाऱ्या कामात कोणाला कुठे उभे करायचे, हे आधीच नक्की करावे लागे. म्हणूनच प्रसंग जुना असूनही पुढच्या बाजूला नंतरच्या काळातील दरबारी मंडळी दिसतात, आणि बहुतेक पडद्यांत त्या रंगीबेरंगी गर्दीत काळ्या वैधव्यवेशातील कॅथरीन चटकन ओळखू येते. मृत राजाचा शोक हाच तिच्या अधिकाराचा आधार होता, आणि तो काळा रंग पाहणाऱ्याला त्याची आठवण देत राही.

जे विणलेले नाही, तेही पाहावे. १५६२ पासून फ्रान्स कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या ख्रिस्ती पंथांमधील धर्मयुद्धांत होरपळत होता, १५७२ मध्ये पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची भीषण कत्तल झाली. पडद्यांवर मात्र त्या रक्ताचा थेंबही नाही.

१५८९ मध्ये कॅथरीन वारली. त्याच वर्षी तिची नात क्रिस्तीन फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यात सून म्हणून गेली आणि हे पडदेही तिकडे गेले. ज्या शहरात कॅथरीनचा जन्म झाला, तेथील उफ्फीझी संग्रहालयात ते आज आहेत.