बंद पडलेल्या साइट, बुडालेलं स्टार्टअप आणि पोर्टफोलिओ

(स्वतंत्रपणे वेबचं काम करणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना आमचे सल्लागार उत्तरं देतात. ते स्वतः कोल्हापुरात २००६ पासून हेच काम करतायत. वाचकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न : सर नमस्कार, मी घरातूनच वेबसाइटची कामं घेतो, बारा वर्षं झाली. साठेक साइट केल्या असतील पण त्यातल्या निम्म्या आज उघडतच नाहीत. मधे दोनदा स्टार्टअपचा नाद केला. पहिलं मेसच्या डब्यांचं ॲप, ते आठ महिन्यांत बसलं. दुसरं मित्राबरोबर ऑनलाइन कोल्हापुरी चप्पल, २०१८ ला चालू केलं आणि २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या गोडाउनमधे पाणी शिरलं, सगळा माल गेला. आता पुण्यातल्या एका कंपनीचं कन्सल्टिंगचं मोठं काम येतंय आणि ते म्हणतायत जुनी कामं पाठवा, आधीची व्हेंचर्सपण लिहा. काय लिहू? बायको म्हणते बुडालेलं कशाला सांगायचं लोकांना.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी असंच पुण्यात एका ऑफिसात प्रोजेक्टर लावून मी माझी जुनी कामं दाखवत होतो, सहा-सात जण समोर बसलेले, आणि मी ऐटीत एका मंगल कार्यालयाच्या साइटवर क्लिक केलं. उघडली रमी! जॉइनिंग बोनस, पत्ते, सगळं भिंतीएवढं मोठं. झालं काय होतं, की मालकानं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, रिन्यू केलंच नाही आणि ते सुटल्यावर भलत्याच कुणीतरी उचललं. मी म्हटलं, साइट लोड तर फास्ट होतीय. सगळे हसले, काम मात्र मिळालं नाही. तेव्हा पहिली गोष्ट, काही पाठवायच्या आधी प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघा, मोबाइलवर आणि लॅपटॉपवर, दोन्हीकडं.

ज्या उघडत नाहीत त्या टाकून देऊ नका. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पत्ता टाकून बघा, जुनी पानं बऱ्याचदा सापडतात, थोडी मोडकी असतात पण स्क्रीनशॉट घेण्याइतकी चालतात. फ्लॅशमधलं (साइटवर हलती चित्रं दाखवायचं जुनं सॉफ्टवेअर) काही असेल तर ते मात्र सोडा, अडोबी कंपनीनं २०२० संपताना त्याचा सपोर्टच बंद केला. माझी पहिली तीन वर्षं त्यातच गेली, प्रत्येक कारखानदाराला सोन्याचा गरगर फिरणारा लोगो आणि वर म्युझिक पाहिजे असायचं. आज त्यातलं एकपण दाखवता येत नाही, आणि खरं सांगू का, दाखवावं असं त्यात काही नव्हतंपण.

आता मुद्द्याचं. साठ साइटची यादी पाठवू नका, कुणी वाचत नाही. चार-पाच निवडा आणि तिथं चित्रापेक्षा तुम्ही काय ठरवलंत आणि का ठरवलंत ते लिहा, कारण पुण्याची कंपनी तुम्हाला कन्सल्टंट म्हणून घेतीय, डोक्याचे पैसे देतीय. उदाहरण देतो. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीवाल्यांची (लोखंड ओतून सुटे भाग, म्हणजे कास्टिंग, करणाऱ्यांची) साइट मी दुसऱ्यांदा केली तेव्हा मालकांना होमपेजवर कारखान्याच्या गेटचा फोटो आणि आजोबांचा फोटो पाहिजे होता. मी विचारलं, काका, तुमचं गिऱ्हाईक कोण? तर म्हणाले, पंप आणि व्हॉल्व्हवाले, बाहेरगावचे. मग त्या परचेसवाल्याला आजोबा कशाला पाहिजेत, त्याला कळायला हवं की एफजी २६० होतं का, एसजी ५००/७ होतं का (या ओतीव लोखंडाच्या प्रती), एका कास्टिंगचं वजन किती किलोपर्यंत जातं, मशिनिंग करून देता का रफच देता, आणि ड्रॉइंग कुठं पाठवायचं. एवढाच तक्ता आणि ड्रॉइंग अपलोड करायचं एक बटण वर घेतलं, आजोबा 'आमच्याविषयी'मधे गेले. काका महिनाभर नाराज होते. नंतर ड्रॉइंगं यायला लागली आणि नाराजी गेली. ही साइट आज बंद आहे, पोरानं नवीन करून घेतली दुसऱ्याकडून, पण ही गोष्ट मी अजून पोर्टफोलिओत ठेवलीय आणि मीटिंगमधे तिच्यावरच जास्त बोलणं होतं.

आता स्टार्टअप. वहिनींचं म्हणणं मला पटत नाही, पण तुमचंपण पूर्ण पटत नाही. राग मानू नका. पुरानं माल गेला हे खरं आहे, चामडं एकदा त्या पाण्यात दोन दिवस बसलं की संपलं, बाभळीच्या सालीत न् हिरड्यात कमावलेलं असलं तरी. पण मला सांगा, पुराच्या आधी रिटर्न किती येत होते? कारण कोल्हापुरी चप्पल नवीन असताना घट्ट असते, चावते, आपल्याला इथं लहानपणापासून माहितीय की तेल लावायचं, आठ-पंधरा दिवस घरात घालायची, मग ती पायाची होते. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? तो घालून बघतो, टाइट आहे म्हणतो आणि परत पाठवतो, कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर तेवढंही नाही, दारातूनच परत. जाता-येता दोन्ही कुरिअर तुमच्या डोक्यावर. एका जोडाचा नफा दोन रिटर्नात धुऊन जातो. असं झालं होतं का? झालं असेल तर ते लिहा, पूर एका ओळीत लिहा. पूर हे कारण ऐकणाऱ्याला लगेच पटतं, हळहळपण वाटते, पण त्यातून तुम्हाला काय कळतं हे त्याला दिसत नाही. रिटर्नचं गणित मांडलंत, साइज-चार्टमधे काय बदललं असतं, 'चप्पल कशी मऊ करायची' याचा छोटा व्हिडिओ पार्सलबरोबर पाठवला असता वगैरे लिहिलंत तर समोरचा खुर्चीत पुढं सरकतो.

मी स्वतः गुळात पैसे घालवलेत. सेंद्रिय गूळ ऑनलाइन. पाच वर्षं लोकांना सांगत होतो पार्टनरनं लक्ष दिलं नाही. खरी गोष्ट अशी की गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत आटपतात, आम्ही माल घेतला उन्हाळ्यात, स्वस्त मिळाला म्हणून, आणि साइट तयार झाली जुलैत. कोल्हापूरच्या पावसात गुळाला पाणी सुटलं, डबे उघडले तर काकवी. आणि साइटला उशीर कुणामुळं? माझ्यामुळं, मी तीन महिने बटणांचे रंग बदलत बसलो होतो, एक किलोपण विकला नव्हता तोपर्यंत. हे मान्य करायला वेळ लागतो, पण एकदा लिहून काढलं की हलकं वाटतं.

डब्याच्या ॲपचं मला माहीत नाही पण अंदाज सांगतो, मेसच्या मावशींना वही बरी पडत होती आणि पोरं तशीही रोज तिथंच जेवायला जात होती, मग ॲप कुणाला पाहिजे होतं? तुम्हालाच ना? तसं असेल तर तसंच लिहा, चार ओळी बास.

प्रश्न : दादा, मी वेब डिझायनर आहे. एका क्लायंटचं काम दोन वर्षांपूर्वी पूर्ण केलं, पैसेपण मिळाले, आता ते म्हणतात आमची साइट तुमच्या पोर्टफोलिओतून काढा, सगळं आमचं आहे. लेखी करार काहीच नाही, सगळं व्हॉट्सॲपवर झालं. काढावी लागेल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ताई, कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात नोकरदार आणि फ्रीलान्सर यांच्यात फरक केलाय. नोकरीत केलेलं काम सर्वसाधारणपणे मालकाचं. तुम्ही बाहेरून काम केलंत, तर तुमच्या डिझाइनचे आणि कोडचे पहिले मालक तुम्ही, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. लेखी दिले आणि मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, हे फार कमी जणांना माहीत असतं. पण एक आहे, त्यांचा लोगो, त्यांचे फोटो, त्यांचा मजकूर हे तुमचं होत नाही, आणि गुप्ततेचा एनडीए केला असेल तर गोष्ट वेगळी. कायदा तुमच्या बाजूनं असला तरी भांडू नका, कोल्हापूर लहान आहे, उद्या त्यांचाच मेहुणा तुम्हाला काम देणार असतो. नाव आणि लोगो पुसून डिझाइन ठेवू का असं मेलवर विचारा, व्हॉट्सॲपवर नको. आणि पुढच्या कामाला 'पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी' ही ओळ कोटेशनमधेच टाका. मोठा वाद होणार असं वाटलं तर वकिलांना दाखवा, माझ्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढली होती, ॲप चाललं नाही, तीन वर्षांपूर्वी ऑफिस सोडलं. बँक खातं रिकामं आहे. आता काहीच करायची गरज नाही ना?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आहे की! शटर ओढलं म्हणून एलएलपी बंद होत नाही. एक रुपयाचा धंदा नसला तरी दरवर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि फॉर्म ८ (हिशेबाचा) भरावे लागतात, पहिला ३० मे पर्यंत, दुसरा ३० ऑक्टोबरपर्यंत, शिवाय इन्कम टॅक्सचं रिटर्न. आधी उशिराला दर फॉर्ममागं दिवसाला १०० रुपये लागायचे आणि वर मर्यादाच नव्हती, माझ्या ओळखीत एकाचं गणित ऐकून त्याला घाम फुटला होता. १ एप्रिल २०२२ पासून आकारणीची पद्धत बदलली, तरी रक्कम वाढतच राहते. कायमचं बंद करायचं तर फॉर्म २४, त्यासाठी किमान वर्षभर धंदा बंद पाहिजे, सगळ्या पार्टनरची संमती पाहिजे आणि धंदा थांबला त्या वर्षापर्यंतचे राहिलेले फॉर्म आधी भरावे लागतात. मित्राशी अजून बोलणं होतंय ना? मग याच आठवड्यात दोघं मिळून सीएकडं जा, नंतर तो परदेशात गेला की सहीसाठी फिराल.

प्रश्न : प्रोफाइलवर 'फाउंडर अँड सीईओ' लिहू का? सध्या मी एकटाच आहे.
– एक वाचक, कळंबा

उत्तर : नको. पहिल्या फोनलाच मागून कुकरची शिट्टी ऐकू येते.