बोगीच्या आठवड्यात लागलेलं पियानोचं वेड

प्रश्न : आम्ही मूळचे मिरजेचे. नऊ वर्षांपासून श्टुटगार्टजवळ राहतो. यजमान गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मुलगा सोळाचा, गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, दहावीला. शाळेत बोगी म्हणतात त्या प्राक्टिकुमसाठी, म्हणजे कामाचा अनुभव घ्यायला, तो आठवडाभर पियानो दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये गेला आणि आता म्हणतो, "आबिटुअर नको, आउसबिल्डुंग करतो, पियानो बनवायला शिकतो." म्हणजे शाळेची शेवटची, विद्यापीठासाठी लागणारी परीक्षा सोडून काम करता करता शिकण्याचं प्रशिक्षण. गणितात चांगला हुशार आहे हो! यजमानांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. सासूबाई फोनवर विचारतात, "एवढ्या लांब जाऊन पोराला सुतारकाम?" ही आवड खरी की वयाचं खूळ, हे ओळखायचं कसं?

उत्तर : "तुला नक्की हेच आवडतं का?" असं त्याला विचारत बसू नका. सोळाव्या वर्षी या प्रश्नाला एकच उत्तर येतं, आणि तुम्ही विरोध केलात की ते आणखी जोरात येतं. त्याऐवजी त्या आठवड्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं होतं, ते विचारा.

पियानोला ८८ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीमागे लाकूड, नमदा, चामडं आणि बारीक स्क्रू यांची एक यंत्रणा असते. हातोडी तारेपासून किती अंतरावर थांबावी, कुठे सुटावी, हे एका पट्टीचं जुळलं की तेच पुढच्या पट्टीला. असं ८८ वेळा. तोवर पहिल्या काही पट्ट्या पुन्हा बघाव्या लागतात. तारा सव्वादोनशेच्या आसपास, त्या सुरात आणणं वेगळंच. मुलगा जेवताना या कटकटीबद्दल रंगून बोलत असेल, कुठली पट्टी का अडत होती हे हातवारे करून सांगत असेल, तर पाणी खोल आहे. चकचकीत काळा ग्रँड पियानो आणि तो वाजवायला आलेली पाहुणी एवढंच आठवत असेल, तर थोडं थांबा. माझ्या मते गुण असा कंटाळ्यातच ओळखू येतो. करिअर काउन्सेलिंगच्या चाचण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्या मुलाला काय सांगता येतं ते मोजतात, काय सोसवतं ते नाही.

आणि एक आठवडा फारच कमी. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला दुसऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मात्र ते असं हवं, जिथे गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन ट्यूनिंग करतात आणि जड पियानो जिन्यावरून उतरवतात. जागा त्यानंच फोन करून मिळवावी, तुम्ही ईमेल लिहून देऊ नका.

आता यजमानांबद्दल. त्यांची भीती खोटी नाही. हा धंदा लहान आहे, वर्कशॉपं थोडी आहेत, डिजिटल पियानोनं घरोघरी जागा घेतली आहे आणि कमाई इंजिनिअरच्या बरोबरीची होणार नाही. हे मुलाला गोड न करता सांगा. पण "माझ्यासारखी पक्की नोकरी" हा मुद्दा आज चालणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. फोल्क्सवागन या गाड्यांच्या कंपनीनं डिसेंबर २०२४मध्ये कामगार संघटनेशी करार केला, त्यात २०३०पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून अधिक जागा कमी करायचं ठरलं. साधा कोड तर आता यंत्रच लिहून देतं. म्हणजे हातकाम सुरक्षित आणि डोक्याचं काम बुडालं, असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडे अंदाजच आहेत. अशा वेळी ज्या कामात मुलगा तासन् तास टिकतो, त्याचं वजन थोडं जास्त धरावं.

सासूबाईंना समजवायला तर तुमचं गावच पुरेसं आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांतले काही वाद्यं दुरुस्त करायला लागले आणि पुढं बनवायलाही. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, पण जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावणारा हात मिरजेचा. देशभरातल्या गवयांनी तिथून तंबोरे नेले आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या गल्लीतून तंबोरा आणताना आपण अदबीनं बोलतो, मग तेच काम आपल्या नातवानं करायचं म्हटलं की नाक का मुरडतो? याचं उत्तर जातीपाशी जातं, आणि ते आपण जर्मनीतही बॅगेत घालून आणलंय. सासूबाईंना एवढं कडक सांगू नका, पण स्वतःशी कबूल करा.

व्यवहाराचं सांगते. पियानो बनवण्याचं आउसबिल्डुंग साडेतीन वर्षांचं असतं. वर्कशॉपमध्ये काम आणि अधूनमधून सलग काही आठवडे शाळा. ती शाळा तुमच्याजवळच, लुडविग्सबुर्गला आहे. शिकताना पगार मिळतो. २०२५मध्ये सुरू होणाऱ्या आउसबिल्डुंगला पहिल्या वर्षी कायद्यानं किमान ६८२ युरो महिना ठरला होता. पुढे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद कारागीर, झाला तर ती पात्रता शिक्षणाच्या पातळ्या ठरवणाऱ्या जर्मन चौकटीत बॅचलरच्याच पातळीवर, म्हणजे सहाव्या, धरतात आणि माइस्टरला आबिटुअर नसतानाही विद्यापीठात प्रवेश मिळू शकतो. तेव्हा आयुष्याचं वाटोळं वगैरे काही होत नाही.

तरी मला विचाराल तर, गणित आवडणाऱ्या मुलानं आबिटुअर करून मग वर्कशॉप गाठावं. तसं करणारी मुलं इथं पुष्कळ आहेत. पण हा सौदा दोन्ही बाजूंनी हवा. "आधी आबिटुअर, मग बघू" यातलं "मग बघू" मुलांना बरोबर कळतं. यजमानांनी आज त्याच्याशी बोलणं सुरू करून स्पष्ट म्हणायला हवं, की दोन वर्षांनी तुझं मन असंच असलं तर वर्कशॉपच्या दारापर्यंत मी स्वतः सोडायला येईन. आणि तो तयार नसलाच, तर निदान दहावी नीट पार पाडून घ्या. आउसबिल्डुंग बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं आणि अर्ज वर्षभर आधी करावे लागतात, म्हणजे पुढच्या वर्षीसाठी या शरदात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती या सगळ्याच्या आधी करा. सोळा पूर्ण होताना ज्या मुलाकडे पाच वर्षांपासून कुटुंबासोबतचा वास्तव्य परवाना असतो, त्याला वास्तव्य कायद्याच्या कलम ३५नुसार स्वतःचा कायमचा परवाना मागता येतो. तुमचा मुलगा त्यात बसतो असं दिसतं. बाबांच्या नोकरीचं काहीही झालं तरी त्याचं इथलं शिक्षण अडायला नको. परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून ती आजच मागून ठेवा.