सोल्डरिंग आयर्न कुलपात आणि मुलगा डीआरडीओत?

पत्र थोडक्यात: मुलाची बारावी झाली, जेईई मेनला 83 पर्सेंटाइल आले. सुट्ट्यांत तो सीताबर्डीवर मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि बाजारातले भाग जोडून ड्रोन उडवतो. त्याला डीआरडीओ नाहीतर इस्रोत जायचं आहे. तिथे बाजारातला माल चालत नाही, सगळं खास बनवून घेतात, म्हणून हे कबाडीचे धंदे मी बंद केले, सामान कपाटात कुलूपबंद आहे. ऑफिसातल्या साहेबांचा मुलगा आयआयटीत आहे. यानेही ड्रॉप घ्यावा असं ठरवलंय. सोमवारी क्लासचा पहिला हप्ता भरायचा आहे. बरोबर ना? (एक वडील, मनीषनगर, नागपूर)

नमस्कार.

नाही, बरोबर नाही.

83 पर्सेंटाइलची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती एवढ्या मोठ्या पत्रात मुलाचं स्वतःचं एकही वाक्य नाही याची. ड्रॉप त्याला हवा आहे का? तुम्ही विचारलंत का? साहेबांचा मुलगा मात्र पत्रात तीनदा येऊन गेला. आणि ‘कबाडी’ हा शब्द तुम्ही सख्ख्या मेहुण्याच्या पोटापाण्याच्या धंद्याला वापरलात, तोही बहुधा मुलासमोर. ज्या माणसाकडून तो हात चालवायला शिकला, त्याची तुम्हाला लाज वाटते हे पोराला कळत नसेल असं समजू नका. अठराव्या वर्षी असं कुलूप पडलं की मुलं भांडत नाहीत, गप्प बसतात. ते गप्प बसणं तुम्ही ‘अभ्यासाला लागला’ असं वाचाल, तिथे खरी गडबड होईल.

आता तुमचा गैरसमज. लष्करात आणि अंतराळात सगळं खास बनवलेलं असतं, हे चित्र निदान तीस वर्षं जुनं आहे. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी जून 1994 मध्येच आदेश काढला की बाजारात मिळणारी वस्तू काम भागवत असेल तर ती घ्या, खास लष्करी मानकं अपवाद म्हणूनच वापरा. कारण साधं होतं: इलेक्ट्रॉनिक्सचा नागरी बाजार लष्कराच्या पुढे निघून गेला होता. या तयार मालाला त्या धंद्यात ‘कॉट्स’ म्हणतात. मंगळावर 2021 ते 2024 मध्ये 72 वेळा उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये स्नॅपड्रॅगन 801 होता, म्हणजे मामाच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या फोनमधलाच प्रोसेसर. ठरल्या होत्या जास्तीत जास्त पाच भराऱ्या.

पण ही गोष्ट ऐकून मुलगा लगेच उड्या मारायला लागेल, म्हणून पुढचं त्यालाही वाचून दाखवा. त्याच मोहिमेतल्या, मंगळाच्या जमिनीवर फिरणाऱ्या रोव्हर गाडीचा मुख्य संगणक किरणोत्सर्ग सोसणाऱ्या, खास बनवलेल्या आणि कितीतरी हळू चालणाऱ्या प्रोसेसरवर होता. फोनची चिप हेलिकॉप्टरला दिली, कारण तो प्रयोग होता. ते पडलं असतं तरी रोव्हरचं काही अडणार नव्हतं. शिवाय उड्डाणाचं नियंत्रण मोटारगाड्यांसाठी बनणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या (छोट्या नियंत्रक चिपांच्या) जोडीकडे होतं, एक गडबडला तर दुसरा. बाजारातला भाग कुठे लावायचा, तो बिघडेल तेव्हा त्याला कोण सावरणार, हे ठरवणं म्हणजे इथली खरी इंजिनिअरिंग. रशियाचं फोबोस-ग्रुंट यान नोव्हेंबर 2011 मध्ये पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं आणि दोन महिन्यांत पॅसिफिकमध्ये पडलं; तिथल्या अधिकृत चौकशीने अंतराळासाठी न तपासलेल्या मेमरी चिपांकडे बोट दाखवलं.

साधी व्यापारी चिप 0 ते 70 अंशांची हमी देते, लष्करी उणे 55 ते 125ची. मे महिन्यात नागपुरात गच्चीवर बंद डब्यात ठेवलेलं सर्किट कुठल्या तापमानाला दगा देतं, हे मुलाने मोजून वहीत लिहिलंय का? नसेल तर ड्रोन उडाला हे कौतुक मी अर्धंच करीन.

दुकानाचंही ऐका. जुन्या बोर्डावरून काढलेली चिप घासून, वर नवीन छपाई करून कोरी म्हणून विकणं हा जगभरचा उद्योग आहे. अमेरिकी सिनेटच्या समितीने 2012च्या अहवालात संरक्षण पुरवठ्यात असे सुमारे 1,800 संशयित प्रकार नोंदवले. ज्याने पुष्कळ चिपा उपटल्या आणि बसवल्या आहेत, त्याला चिपचा पुन्हा कथील लावलेला पाय भिंगाखाली ओळखू येतो. कोणताही क्लास हे शिकवत नाही.

आणि हे सगळं तुमच्या घरापासून फार लांब नाही. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरातच, वायुसेनानगरला आहे. जॅग्वार विमान 1979 मध्ये आलं, अजून सेवेत आहे. बाजारातली चिप मात्र काही वर्षांत बंद होते. मग साठा करून ठेवायचा, की दुसरी चिप बसवून पुन्हा सगळ्या चाचण्या करायच्या? या प्रश्नावर लोकांच्या नोकऱ्या चालतात. तिथे कंटाळा न करता नोंदी ठेवणारी माणसं लागतात.

परीक्षांचं एका ओळीत: एमएचटी-सीईटीवरून इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश, पुढे गेट (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा), डीआरडीओच्या शास्त्रज्ञ भरतीला मान्यताप्राप्त पदवी आणि गेट लागतं, आयआयटीचा शिक्का नाही. कॉलेज निवडताना प्लेसमेंटचं पत्रक बाजूला ठेवा. लॅब संध्याकाळी उघडी असते का आणि तपमानाची चाचणी करायची पेटी आहे का, हे मुलाने स्वतः जाऊन विचारावं. तुम्ही बाहेर थांबा.

ड्रॉप त्याला स्वतःला हवा असेल, तर त्याने मला कारणासकट लिहावं, मी माझं मत बदलायला तयार आहे. तोवर सोमवारचा हप्ता भरू नका.