दोन तास एका क्वेरीवर गेले, त्यात वाया काय गेले?

पत्राचा सारांश: माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिचे गुण मध्यम आहेत. तिने रिलेशनल डेटाबेसच्या (एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत माहिती ठेवण्याच्या) क्षेत्रात करिअर करावे असे मी ठरवले आहे. त्यासाठी व्हिडिओ मालिका, पुस्तके, सॉफ्टवेअर साधने आणि प्रमाणपत्र परीक्षा मिळून सव्वीस गोष्टींची यादी व सहा महिन्यांचे वेळापत्रक मी तयार केले आहे. ती मात्र एकाच क्वेरीवर, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या एकाच प्रश्नावर, दोन-दोन तास अडून बसते. उत्तर बरोबर आलेले असूनही अट वेगवेगळ्या पद्धतीने लिहून पाहते, त्यामुळे वेळापत्रक मागे पडते. यादीत काही राहिले आहे का? तिने डीबीए (डेटाबेस सांभाळणारी प्रशासक) व्हावे की डेव्हलपर? क्लाउडमुळे डीबीएचे काम संपत चालले आहे हे खरे का?

सप्रेम नमस्कार.

तुमची यादी मी दोनदा वाचली. तिच्यात राहिलेले असे काही नाही. तीन निरनिराळ्या डेटाबेसची साधने, चार व्हिडिओ मालिका, दोन कंपन्यांची प्रमाणपत्रे आणि प्रत्येकापुढे तारीख, असे सगळे तुम्ही मेहनतीने मांडले आहे. मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तिने या क्षेत्रात जावे असे 'मी ठरवले आहे' असे तुम्ही लिहिता, पण तिला विचारले का, याविषयी पूर्ण पत्रात एक ओळही नाही. मुलगी पत्रात येते ती फक्त तक्रार म्हणून, आणि ती तक्रार वाचून मला वाटले की या घरात डेटाबेसचा खरा अभ्यास कोणी करत असेल तर तो तीच करत आहे, तुमचे वेळापत्रक बाजूला सारून.

तिने नेमके काय केले ते तुम्ही रागाच्या भरात का होईना, पण तपशीलवार लिहिले आहे, म्हणून त्याच उदाहरणाने सांगतो. ऑर्डरच्या टेबलमधून २०२३ सालच्या नोंदी काढायच्या होत्या आणि तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) होता. पहिल्यांदा तिने 'तारखेतून वर्ष काढा आणि ते २०२३ आहे का ते पाहा' अशी अट लिहिली. इंडेक्समध्ये तारखा क्रमाने लावलेल्या असतात. त्या तारखांवर फंक्शन चालवून निघणारी वर्षे तिथे नसतात, त्यामुळे अशा अटीला तो साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही आणि डेटाबेस सबंध टेबल ओळीन् ओळ वाचत बसतो. दुसऱ्यांदा तिने तीच अट '१ जानेवारी २०२३ किंवा त्यानंतरची, आणि १ जानेवारी २०२४ च्या आधीची तारीख' अशी लिहिली. आता इंडेक्समध्ये नेमक्या जागी उतरून तेवढाच पट्टा वाचता येतो. टेबलमधल्या बहुतेक ओळी २०२३ च्याच असत्या, तर मात्र डेटाबेसने इंडेक्स असूनही सबंध टेबल वाचणेच पसंत केले असते आणि ते योग्यही ठरले असते. 'उत्तर तेच आले, मग वेळ का घालवला' असे तुम्ही विचारता. उत्तर तेच असताना वेळ का बदलतो, हे शोधणे हेच तर या व्यवसायातले काम आहे.

यामागे इतिहासही आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएममध्ये संशोधक असताना, जे रिलेशनल प्रारूप मांडले, त्यात वापरणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगावे आणि माहिती आत कशी साठवली आहे याची चिंता त्याला पडू नये, हा विचार मध्यवर्ती होता. 'कसे आणायचे' हे डेटाबेसमधला ऑप्टिमायझर हा भाग ठरवतो. तो टेबलांविषयीच्या आपल्याजवळच्या आकडेवारीवरून अंदाज बांधतो, आणि ती आकडेवारी शिळी झाली असेल तर त्याचा अंदाज चुकतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ' लिहिले की त्याने किती ओळी अपेक्षिल्या होत्या आणि प्रत्यक्षात किती निघाल्या, हे शेजारी-शेजारी दिसते. अंदाज पन्नासाचा आणि निघाल्या पन्नास हजार, असे जिथे दिसेल तिथे थांबून कारण शोधायचे असते. हे थांबणे वेळापत्रकाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, कारण ते वीस मिनिटांत संपेल की दोन दिवस चालेल, हे आधी सांगता येत नाही.

म्हणून यादीत भर घालण्याऐवजी मी ती कापतो. सध्या एकच डेटाबेस ठेवावा आणि तो पोस्टग्रेस असावा. तो विनामूल्य आहे आणि त्याची अधिकृत माहितीपुस्तिका विकत मिळणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांपेक्षा सरस आहे. तिच्यातले सुरुवातीचे धडे आणि कार्यक्षमतेवरचे प्रकरण एवढे नीट वाचले तरी पुष्कळ झाले. सरावासाठी पजिला हा नमुना डेटाबेस घ्यावा, पण त्यातली टेबले लहान आहेत, आणि लहान टेबलवर सगळ्याच क्वेरी वेगवान भासतात. म्हणून 'जनरेट सिरीज' हे फंक्शन वापरून स्वतःचे वीस-तीस लाख ओळींचे टेबल तयार करावे. आधी पी-एसक्यूएलच्या, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या, काळ्या पडद्यावर हात बसू द्यावा, मग माऊसने चालणारे पीजी-अ‍ॅडमिन किंवा डीबीव्हर जे आवडेल ते वापरावे; माऊसने बॅकअप घ्यायला शिकलेल्या माणसाला आपण नेमका कोणता आदेश दिला हे पुष्कळदा माहीतच नसते. आतली यंत्रणा समजून घ्यावीशी वाटली, तर कार्नेगी मेलन विद्यापीठातील अँडी पावलो यांची डेटाबेसवरील व्याख्याने युट्यूबवर खुली आहेत. ती अवघड आहेत, तेव्हा एका आठवड्यात एकच ऐकावे. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती आणि ओरॅकलची मर्यादित आवृत्ती शिकण्यासाठी विनामूल्य मिळतात, पण त्यांच्याकडे पहिला डेटाबेस नीट कळल्यावर वळावे. प्रमाणपत्र परीक्षा हा परिचित मार्ग आहे, वाईट नाही, मात्र कामाचा अनुभव नसताना दिलेल्या परीक्षेतून पाठांतराखेरीज फारसे काही सिद्ध होत नाही.

आता क्लाउडविषयी. हा गैरसमज मला दर दोन-चार पत्रांत भेटतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. क्लाउडमधली व्यवस्थापित डेटाबेस सेवा घेतली की यंत्र उभे करणे, सुधारित आवृत्त्या बसवणे, ठरलेल्या वेळी बॅकअप घेणे ही कामे सेवा देणारी कंपनी करते, आणि केवळ तेवढेच करणाऱ्या डीबीएची गरज खरोखर कमी झाली आहे. परंतु टेबलांची रचना चुकली, दोन व्यवहार एकमेकांनी अडवून ठेवलेल्या नोंदींची वाट पाहत वारंवार अडकू लागले, नको त्या माणसाला नको तेवढे अधिकार दिले गेले, तर ते कोणतीही सेवा परस्पर दुरुस्त करत नाही. आणि बॅकअप घेतला जातो, याचा अर्थ तो परत उभा करता येतो असा होत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच्याच डेटाबेसच्या फाइली पुसायला सुरुवात केली. बॅकअपकडे धाव घेतली तेव्हा कळले की बॅकअप घेणारे पीजी-डंप हे साधन ९.२ आवृत्तीचे होते आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप अयशस्वीच होत होते, आणि त्याची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी हाताने एक प्रत घेतली होती, ती कामी आली. मधल्या सहा तासांतला डेटा मात्र गेला. कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीरपणे लिहिले आहे. तो डेटाबेस त्यांनी स्वतः चालवलेला होता, व्यवस्थापित सेवेत नव्हता, हे खरे. तरी बॅकअप उघडून पाहणारा माणूस कोणीतरी लागतोच, मग त्याच्या पदाचे नाव काहीही असो.

डीबीए की डेव्हलपर, हा प्रश्न तिसऱ्या वर्षाला पडायलाच नको. पहिली दोन-तीन वर्षे दोघांचा अभ्यास जवळजवळ सारखाच असतो. पुढे ज्याला रचना करण्यात रस वाटतो तो एकीकडे जातो, आणि ज्याला मध्यरात्री बंद पडलेली यंत्रणा शांत डोक्याने उभी करता येते तो दुसरीकडे. यांतली आपली मुलगी कोणती, हे तिच्याशिवाय कोणालाही ठरवता येणार नाही.

तुम्हाला एक गोष्ट स्पष्टच सांगतो आणि ती तुम्हाला आवडणार नाही. मध्यम गुणांची भरपाई प्रमाणपत्रांनी करावी, अशी घाई तुमच्या यादीत ठायी ठायी दिसते, आणि दररोज रात्री 'आज किती झाले' असे विचारणे हा त्या घाईचाच भाग आहे. असे विचारल्यावर मुले जे मोजता येते तेच करू लागतात. व्हिडिओ पाहून संपतात, टिकमार्क होतात, आणि जी चिकाटी तुमच्या मुलीत आयती आलेली आहे ती सहा महिन्यांत मोडून पडते. तिच्या चिकाटीवरून तिला हा विषय आवडत असावा असा माझा अंदाज आहे, पण तो एका वडिलांच्या पत्रातल्या तक्रारीवरून बांधलेला अंदाज आहे. तिला विचारल्यावर ती 'मला हे करायचेच नाही' म्हणाली, तर वर सांगितलेले सगळे बाजूला ठेवा आणि तिला काय करावेसे वाटते त्यावर बोला.

ती हो म्हणाली, तर सत्रपरीक्षा संपेपर्यंत तिने एवढेच करावे. स्वतः तयार केलेल्या डेटाबेसचा पीजी-डंपने बॅकअप घ्यावा, तो डेटाबेस मुद्दाम पुसून टाकावा, बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उभा करावा, आणि ओळींची संख्या, इंडेक्स व वापरकर्त्यांचे अधिकार मुळाबरहुकूम आले का ते तपासावे. अधिकारांपाशी ती बहुधा अडेल, कारण पीजी-डंप एकाच डेटाबेसची प्रत घेते आणि वापरकर्त्यांची खाती सबंध सर्व्हरची असल्यामुळे तिच्यात येत नाहीत. हे तिला आधी सांगू नका. आणि प्रमाणपत्र परीक्षेची नोंदणी तुम्ही तिच्या नावे करून ठेवली असेल, तर ती पुढे ढकलता येते का, ते आजच पाहा.