आधी पडदा, मग बाकीचं

बाळा,

रविवारी तू आलीस, भिजलेली छत्री दारात ठेवलीस आणि चहा ओतायच्या आधीच विचारलंस, "मावशी, म्हातारा कॅप्टन अमेरिका त्या बाकावर आला कुठून?" मी चिडले. कारण अॅव्हेंजर्सचा 'एंडगेम' हा पिक्चर तू 2019 मध्ये बाबांबरोबर एकदाच बघितलायस, त्यानंतर नुसते त्याच्यावरचे एक्स्प्लेनरचे व्हिडिओ, एकामागून एक, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. आता प्रोजेक्ट द्यायचाय आणि डोक्यात पाच जणांची पाच मतं घेऊन रडकुंडीला आलीयेस. आवाज चढवला त्याचं वाईट वाटतंय मला, पण म्हणणं मागे घेत नाहीये. आधी पडदा, मग बाकीचं.

पडद्यावर काय आहे ते बघ ना. हल्क, म्हणजे शास्त्रज्ञ बॅनर, आधीच सांगून टाकतो की भूतकाळात गेलं की तोच तुमचा पुढचा काळ होतो, मागचं घडून गेलेलं काही बदलत नाही. ऐकताना गरगरतं, मान्य. पण मग त्यांच्या टोळीतली नेब्युला बघ. पिक्चरच्या वर्तमानातली, म्हणजे 2023 ची नेब्युला 2014 मधल्या स्वतःवरच गोळी झाडते, ती दुसरी कोसळते, आणि ही तिथेच उभी. गायब होत नाही. नियम शब्दात सांगितला होता, इथे करून दाखवला. तू अडकलीस कारण मागे जाऊन स्वतःला मारलं की आपण पुसले जातो हे दुसऱ्या पिक्चरांमधून तुझ्या डोक्यात बसलंय, आणि हा पिक्चर ते मानतच नाही.

आता स्टीव्ह, म्हणजे तुझा कॅप्टन अमेरिका. भूतकाळातून आणलेले सहा जादुई स्टोन आणि थॉरचा हातोडा जिथल्या तिथे परत ठेवायला तो टाइम मशीनच्या प्लॅटफॉर्मवरून जातो, बॅनर म्हणतो आपल्यासाठी पाच सेकंद. पाच सेकंद होतात, प्लॅटफॉर्म रिकामा, आणि तळ्याकाठी बाकावर पाठमोरा म्हातारा. हल्कच्या नियमाने तो त्याच्या जुन्या प्रेयसीबरोबर, पेगीबरोबर, दुसऱ्याच एका काळात जगला असणार, मग प्लॅटफॉर्मवर न येता बाकावर कसा? दिग्दर्शक रुसो बंधू म्हणतात वेगळी टाइमलाइन. लिहिणारे मार्कस आणि मॅकफीली म्हणतात नाही, तो इथेच होता, याच काळात, गुपचूप. ज्यांनी बनवला त्यांचंच एकमत नाहीये, मग तुला एका रात्रीत उत्तर सापडलं नाही म्हणून तू मठ्ठ कशी ठरतेस गं? कॅप्टन अमेरिकाच्या आधीच्या पिक्चरमध्ये, विंटर सोल्जरमध्ये, पेगीच्या जुन्या मुलाखतीत नवऱ्याचा उल्लेख आहे, चेहरा कधीच दाखवत नाहीत. प्रोजेक्टमध्ये लिही की पिक्चर इथे गप्प बसलाय. कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो हे ओळखणं म्हणजेच पिक्चर समजणं, आणि ते व्हिडिओ बघून येत नाही, पडदा बघूनच येतं.

मी 22 वर्षं एडिट टेबलवर काढली, म्हणून एवढं तळमळून सांगतेय. एका मराठी सिरियलमध्ये ट्विस्ट होता, बाप परत आलाय. मी तो एका शॉटवर ठेवला होता, उंबऱ्याशी ओल्या चपला, त्यातल्या एकीचा अंगठा तारेने बांधलेला, पहिल्या भागात बघितलेल्या त्याच. बस्स. निर्माते म्हणाले लोकांना कळणार नाही, मुलीच्या आवाजात व्हॉइसओव्हर टाका. मी टाकला. घराचा हप्ता होता, भांडायची हिंमत नव्हती. टेलिकास्टच्या रात्री माझी आई टीव्हीसमोर बसली होती, चपला दिसल्या तशी ती पुढे सरकली, "अगं, हा तर..." म्हणाली, आणि तेवढ्यात व्हॉइसओव्हर सुरू झाला. आई मागे टेकून बसली. ते मागे टेकणं माझ्या अजून डोळ्यासमोर आहे.

पुढच्या वेळी दुसऱ्या एकांनी तेच सांगितलं, मी नाही म्हटलं, काम गेलं. तुझी आई म्हणते मावशीने हट्टापायी करिअर घालवलं. हट्ट होताच, पण चूक नव्हती. आजही नाहीच म्हणेन. बघणाऱ्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा नसतो, आणि हे व्हिडिओवाले नेमकं तेच करतायत तुझ्याबरोबर, तू "अगं, हा तर" म्हणायच्या आधीच. म्हणून परत सांगते, कंटाळलीस तरी सांगते, आधी पडदा.

स्टीव्हचा मित्र सॅम बाकावरच्या म्हाताऱ्याच्या बोटातली अंगठी बघतो आणि त्याच्या बायकोबद्दल विचारतो, तेव्हा म्हातारा स्टीव्ह चक्क सांगणार नाही म्हणतो. जेफ्री फोर्ड आणि मॅथ्यू श्मिट या एडिटरनी त्यानंतर कसलंही स्पष्टीकरण लावलेलं नाही. एक घर, आणि आत दोघं नाचतायत. तीन तासांच्या पिक्चरची शेवटची फ्रेम ती.

येत्या रविवारी ये. फोन चपलांच्या स्टँडवर ठेवून आत यायचं. टोनीच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, अंत्यसंस्कारापासून पुढे लावू, मी एक शब्द बोलणार नाही. तू फक्त बकीकडे, स्टीव्हच्या जुन्या मित्राकडे बघ. मित्र पाच सेकंदांसाठी चाललाय आणि हा त्याला मिठी मारून म्हणतो तुझी आठवण येईल. मग बाकावरचा माणूस सगळ्यात आधी कुणाला दिसतो ते बघ, आणि तो स्वतः पुढे न जाता सॅमला का पाठवतो ते मला सांग. मला माझं उत्तर आहे, तुझं ऐकायचंय.

तुझी,
मावशी