वाचक विचारतात : तीस वर्षांनी पुन्हा एका मंचावर

प्रश्न : मुलीकडे उत्तर लंडनला गेले असता घराजवळच्या पबमध्ये एका संध्याकाळी गाणे ऐकले. तीस वर्षांपूर्वी फुटलेला बँड पुन्हा एकत्र आल्याची पाटी दाराशी होती आणि खाली ‘ब्लूज आणि कंट्री’ असे लिहिले होते. वाजवणारे पाचही जण साठी उलटलेले. गिटारवादक प्रत्येक गाण्याआधी ‘ए’ किंवा ‘ई’ एवढेच पुकारत होता, तरीही कोणी अडखळले नाही. तालमीवाचून हे कसे जमते? हे दोन प्रकार एकाच बँडमध्ये कसे? आणि अशी मंडळी पबमध्येच का वाजवतात? – एक वाचक, पुणे

उत्तर : गिटारवादकाने केवळ पट्टी सांगितली, हे आपण नेमके टिपले आहे, कारण ब्लूजमध्ये बाकीचे बहुतेक सर्व आधीच ठरलेले असते. त्याचा सर्वांत रूढ साचा बारा ‘बार’चा असतो आणि प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे हे अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन झाले. पहिल्या चार बारमध्ये एक ओळ गायची, पुढच्या चारांत तीच पुन्हा म्हणायची आणि शेवटच्या चारांत तिला उत्तर द्यायचे. पट्टीचा स्वर षड्ज मानला, तर साथीचे स्वरमेळ षड्ज, मध्यम आणि पंचम या तिघांवरच उभे असतात आणि मध्यमाचा मेळ पाचव्या बारला येणार हे सर्वांना ठाऊक असते. ओळ संपल्यावर उरलेल्या मात्रांत गिटार किंवा माउथ ऑर्गन गायकाला जबाब देतो. तेथे तार ओढून कोमल आणि शुद्ध यांच्या मधला जो गांधार काढला जातो, त्यात या गाण्याचा सगळा जीव असतो. अखेरच्या दोन बारमध्ये येणारी ठरावीक सुरावट आपल्याकडील मुखड्यासारखी सर्वांना समेवर आणून सोडते. त्रिताल जाणणाऱ्या अनोळखी तबलजीला जसे काही समजावून सांगावे लागत नाही, तसेच हे आहे.

तालीम झालीच नसावी, हा आपला तर्क मात्र मला पुरता पटत नाही. गाणे मध्येच एका ठोक्यावर थांबून पाचही जण पुन्हा एकदम उठले असतील, तर कोणाच्या तरी घरी दोन-चार संध्याकाळी नक्की खर्ची पडल्या असणार.

दोन प्रकारांच्या मिश्रणाचे नवल वाटायला नको. दोन्हींची मुळे अमेरिकेच्या दक्षिण भागात आहेत आणि त्यांच्यामधली भिंत बऱ्याच अंशी तबकड्या विकणाऱ्यांनी उभी केली; कृष्णवर्णीयांचे संगीत एका यादीत, गोऱ्या ग्रामीण गायकांचे दुसऱ्या. मिसिसिपीचा जिमी रॉजर्स (१८९७–१९३३) कंट्री संगीताच्या आद्य गायकांपैकी एक मानला जातो. पण त्याची कित्येक गाणी सरळसरळ ब्लूजच्या साच्यातली आहेत आणि १९३० मध्ये त्यांपैकी एकात ट्रम्पेट वाजवला तो कृष्णवर्णीय जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगने.

पबचा इतिहास तर आपण राहिलात त्याच भागातला आहे. केंटिश टाउनमधील ‘टॅली हो’ हा जॅझचा पब. तेथे १९७१ मध्ये ‘एग्ज ओव्हर ईझी’ हा अमेरिकन बँड वाजवू लागला. कंट्री आणि ब्लूज यांचे असेच मिश्रण वाजवणारे ब्रिन्सली श्वार्झ, डक्स डीलक्स आदी बँड मग अशा पबांतून ऐकू येऊ लागले आणि या प्रवाहाला ‘पब रॉक’ हे नाव पडले. त्याच वर्तुळातल्या ‘डॉक्टर फीलगुड’ या बँडची मैफलीत ध्वनिमुद्रित झालेली तबकडी १९७६ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

कायद्याचाही यात हात आहे. आपला बँड फुटला त्या काळी पबमध्ये दोघांपर्यंत कलावंतांना करमणुकीच्या वेगळ्या परवान्यावाचून वाजवता येई. तिसरा आला की परवाना लागे. हा नियम २००५ मध्ये गेला, पण त्याच्या जागी आलेल्या व्यवस्थेत एकट्या गायकालाही परवानगी लागू लागली. २०१२ च्या कायद्याने मद्याचा परवाना असलेल्या जागी, सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत, दोनशे श्रोत्यांपर्यंत ही अट काढली आणि २०१५ मध्ये ती मर्यादा पाचशेवर नेली. आज एखाद्या पबमालकाने पाच जणांना बोलवायचे ठरवले, तर त्याच्यापुढे मुख्य प्रश्न उरतो तो कोपऱ्यातली दोन टेबले हलवून ड्रम मावतील का, एवढाच.